फुलदाणीला अटक

वर्दिंगच्या समुद्रकाठच्या पबमध्ये क्लेमेंट पेलिंग गेली चाळीस वर्षं एकच चित्रपट गाजवत होता. 'सातव्या पायरीवरचं प्रेत' हा स्वस्तातला बोलपट, आणि त्यात तो इन्स्पेक्टर. पुढे त्याची एकही प्रत उरली नाही. क्लेमेंट चारचौघांत हळहळायचा आणि मनात देवाचे आभार मानायचा. मेल्या म्हशीला मणभर दूध, आणि ही म्हैस तर त्याने बिअरच्या ग्लासागणिक दोहली होती.

मग कुठल्याशा चर्चच्या माळ्यावर त्या बोलपटाची रिळं सापडली. फिल्म क्लब चालवणारे टॅन्सली मास्तर त्याला प्रमुख पाहुणा म्हणून बोलवायला घरी आले. क्लेमेंटने लगेच खोकून पाहिलं, पण बायकोने, आयव्हीने, सूट इस्त्री करून ठेवला. गाव हसलं तर हसू दे, पण चाळीस वर्षं भक्तिभावाने मान डोलावणारी आयव्ही हसली तर? या भीतीने त्याला शनिवारच्या खेळापर्यंत अन्न गोड लागलं नाही.

त्या काळी मायक्रोफोन फुलदाणीत लपवायचे. तिच्याकडे वाकून बोललं नाही तर आवाज येत नसे, आणि चुकलं तरी पुन्हा चित्रण करायला पैसे नसत. क्लेमेंटने हे फारच मनावर घेतलं होतं. पडद्यावर खुनी सुरा घेऊन दारात उभा, आणि त्याच्याकडे पाठ करून इन्स्पेक्टर पेलिंग गुलाबांना दरडावत होता, "पळू नकोस, तुला अटक आहे." सभागृह खदखदून हसलं. मूर्खपणातसुद्धा आपण एवढी उंची गाठली होती हे क्लेमेंटला आठवतच नव्हतं. निघून जायला त्याने टोपी उचलली.

आयव्हीने त्याची बाही धरली. "बस. आता तू तिला धडकशील आणि तिची माफी मागशील."

पडद्यावर इन्स्पेक्टर टेबलावर आपटला आणि फुलदाणीला म्हणाला, "माफ करा हं."

"तुला कसं माहीत?"

"लग्नाआधी मी थिएटरात झाडलोट करायचे ना. ब्रिटिश चित्रपट दाखवायची सरकारी सक्ती, म्हणून मालक असले नमुने सकाळी रिकाम्या खुर्च्यांना दाखवायचा. आठवडाभर झाडता झाडता पाहिलंय तुला."

म्हणजे इतकी वर्षं क्लेमेंटच्या प्रत्येक थापेला ही बाई सगळं माहीत असून मान डोलावत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग माझ्याशी लग्न कशाला केलंस?"

"म्हटलं, जो फुलदाणीशी एवढ्या अदबीने बोलतो, तो बायकोशी बरा वागेल." ती पडद्याकडेच बघत होती. "पण तिच्याकडे लक्ष दिलंस तेवढं माझ्याकडे कधी दिलं नाहीस."

क्लेमेंटने टोपी मांडीवर ठेवली. तो तिच्या कानाशी झुकला आणि म्हणाला, "माफ कर हं."

"एवढं वाकू नकोस," आयव्ही म्हणाली. "मला ऐकू येतं."