मी वसुंधराबाईंचा आवाज सांभाळतो

मित्रांनो, मी एक जुना टॅबलेट आहे. जुना म्हणा, चालेल; भंगार म्हणालात तर मात्र मला राग येतो. माझ्या काचेला तडा आहे, चार्जिंगची वायर तिरकी धरावी लागते आणि सुरू व्हायला मला चांगली दोन मिनिटं लागतात. घाई असेल त्यांनी नवा घ्यावा!

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारखे हजारो त्याच दिवशी पट्ट्यावरून सरकत होते, त्यामुळे कौतुक कोणी केलं नाही. ते झालं झाशीत. निवृत्त कारकून वामनरावांनी मला घरी आणलं आणि त्यांच्या पत्नीने, वसुंधराबाईंनी, मला हळदकुंकू लावलं. थोडं कुंकू चार्जिंगच्या भोकात गेलं, पण मान मिळाला हे खरं.

पुढे बाईंच्या घशाचं दुखणं निघालं. ऑपरेशन टळणार नव्हतं आणि त्यानंतर त्यांचा आवाज कायमचा जाणार होता. हातात आठ दिवस होते. त्यांची भाची अनुश्री जवळच्या बबीना छावणीतून रोज येऊ लागली. तिचा नवरा तिथे फौजेत आहे. ती मला मावशीसमोर ठेवायची आणि त्यांच्याच आवाजात एकेक वाक्य माझ्यात भरायची. "पाणी द्या." "आज मला बरं वाटत नाहीये." बाजारासाठी हिंदीतलंही: "भैया, ठीक से तौलो!" अशी एकशे चाळीस वाक्यं झाली. प्रत्येकाला पडद्यावर एक बटण दिलं.

त्यानंतर तीन वर्षं बाई बटण दाबायच्या आणि मी बोलायचो. सीपरी बाजारात भाजीवाल्यांना मी खडसावलं, रिक्षावाल्यांशी भांडलो. मला गर्व चढला होता, खोटं कशाला सांगू? पण आत माझी मेमरी झिजत चालली होती. एका सकाळी मी कंपनीच्या चिन्हावर अडकलो तो अडकलोच.

दोघं मला घेऊन दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "अंकलजी, रीसेट मार देता हूँ. एकदम नया हो जाएगा."

"कर दो भैया," वामनराव म्हणून गेले. रीसेट म्हणजे सगळं पुसलं जाणार, हे त्यांना कुठे ठाऊक?

'एकदम नया' ऐकताच बाईंना मात्र ते कळलं. त्यांना 'नको' म्हणायचं होतं, पण त्यांचा 'नको' माझ्या आत होता आणि मी बंद पडलो होतो! त्यांनी माझ्यावर दोन्ही हात ठेवले आणि उचललेच नाहीत. दुकानदाराने ओढून पाहिलं, वामनरावांनी समजावलं. शेवटी ते म्हणाले, "बरं बाई, चल घरी."

रविवारी अनुश्री लॅपटॉप घेऊन आली. सुरू होताना मी सगळ्यांत आधी एक फाईल वाचतो, तिला बूट इमेज म्हणतात. तुझं सामान कुठे आहे, ते तीच मला सांगते. माझी बूट इमेज आतल्या मेमरीकडे बोट दाखवायची आणि तिथेच सगळी पडझड झाली होती. मी स्वस्तातला, मला कंपनीचं कुलूपही नव्हतं. म्हणून अनुश्रीला ती फाईल बाहेर काढता आली. तिने मूळ प्रत बाजूला ठेवली, दुसरीतली एक ओळ बदलली आणि मला सांगितलं की आजपासून तुझं सामान बाहेरच्या मेमरी कार्डावर. पहिल्या खेपेला मी पुन्हा अडकलो. तिने कपाळाला हात लावला, चूक शोधली, परत फाईल बांधली. दुसऱ्या खेपेला मी उठलो. बाईंनी माझ्या तडकलेल्या काचेवरून हात फिरवला.

मग जुन्या मेमरीतून एकेक आवाज कार्डावर यायला लागला. संध्याकाळपर्यंत एकशे एकोणचाळीस आले. एक काही केल्या येईना. ती फाईल सडून गेली होती.

तो आवाज होता 'अहो'. वामनरावांना मारायची हाक.

बाईंनी ते बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मी गप्प. मित्रांनो, इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. अनुश्री रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, मी तेव्हाच दुसरी प्रत काढून ठेवायला हवी होती गं."

वामनराव शेजारीच बसले होते. त्यांनी बाईंचं बोट बटणावर पाहिलं. "ऐकू आलं हो मला," ते म्हणाले. "बोल, काय हवंय?"

तेव्हापासून ते पेपर वाचायला ओसरीवर जात नाहीत. बाईंच्या समोर, बटण दिसेल असे बसतात. बाई आजही आधी तेच मुकं बटण दाबतात आणि वामनराव लगेच "ओ" देतात.

मुलांनो, माझ्यासारख्याला नीट वापरा, पण माझ्यावर फार विसंबू नका. घरच्या माणसांचे आवाज एकाच जागी ठेवले असतील, तर आजच दुसरी प्रत काढा. अनुश्रीने आता तीन प्रती केल्या आहेत. त्या तिन्हींत 'अहो' नाही.