पट एक, हजर एक

अर्पिताने फळ्याच्या कोपऱ्यात आडवी रेघ ओढली आणि तिच्याखाली लिहिले, पट १, हजर १. मग दोन पावले मागे सरून तिने अक्षर पाहिले. बारा वर्षे हातात खडू नव्हता, तरी बोटांनी वळण सोडले नव्हते.

ओसरीवरच्या सतरंजीवर तिची आठ वर्षांची सुरभी मांडी घालून बसली होती आणि एकसारखी बोलत होती. कुंपणावरची खार काल तुरीच्या दोन शेंगा घेऊन गेली, तिला पिल्ले असतील, पिल्लांना दाणे चावत असतील का, की खारच आधी चावून देत असेल. घरात ही पोर अशीच. आंघोळीत बोले, जेवताना बोले, झोपेतही एखादा शब्द सांडे. शाळेचे फाटक ओलांडले की मात्र ओठांना कडी. दोन वर्षांत तिने वर्गात एक शब्द उच्चारला नव्हता. गुरुजी भले होते. नाव पुकारायचे, तिच्याकडे बघायचे आणि आपणच हजेरी लावायचे. पण दिवाळीनंतर रोज सकाळी तिचे पोट दुखू लागले, दप्तर पाहिले की ओकारी येऊ लागली. शेवटी अर्पिताने तिला घरीच शिकवायचे ठरवले. गुरुजी म्हणाले, नाव पटावर राहू द्या, परीक्षेला घेऊन या.

तिचा नवरा कपिल उमरखेड डेपोत कंडक्टर. पहाटेच्या गाडीवर जाताना एवढेच म्हणाला, तुले जमन तं कर. सासूबाई मात्र चार दिवस भाजी निवडता निवडता ऐकवत होत्या की चार पोरींत बसली तं एखाद्या दिवशी बोलन, घरात कोंडली तं बोलन कोणाशी. हा काटा अर्पिताच्या मनात आधीपासूनच होता. दुसरा एक तिने कोणाला दाखवला नव्हता. लग्नाआधी तिने डी.एड. केले होते. नोकरी लागली नाही आणि प्रमाणपत्र पेटीत साड्यांच्या तळाशी गेले. काल फळा रंगवताना तिच्या लक्षात आले, आपण गुणगुणतो आहोत. लेकीचे दुखणे, आणि आपल्याला गाणे सुचते आहे. तिने ब्रश तसाच खाली ठेवला होता.

आज ती कांजी केलेली सुती साडी नेसली होती.

"चूप बस आता," ती म्हणाली. "हजेरी."

तिने नवी वही उघडली आणि समोरच्या एकुलत्या एका मुलीला पूर्ण नावाने पुकारले.

"सुरभी कपिल वानखडे."

सुरभीचे डोळे सतरंजीच्या एका उसवलेल्या धाग्यावर गेले. पायाची बोटे आवळली. अर्पिताने पुन्हा नाव घेतले, जरा हळू. पोरीचे तोंड किंचित उघडले आणि मिटले. गुरुजींनी दोन वर्षे पाहिलेला तो चेहरा अर्पिता आज पहिल्यांदा पाहत होती, आणि तोही आपल्याच ओसरीवर. शाळा तिनेच उचलून घरात आणली होती.

तिने वही मिटली. पुन्हा उघडली.

तेवढ्यात तांड्यावरून दूध घालायला येणारी गंगी कॅन घेऊन पायरीशी टेकली. तिने फळा पाहिला, साडी पाहिली.

"काहून व पोरी, शाळेत नाई गेली आज?"

असे कोणी विचारले की सुरभी आईमागे दडायची आणि उत्तर अर्पिता द्यायची. आजही ते ओठांवर तयार होते, तब्येत बरी नाही तिची. पण ते बाहेर येईना. गंगी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली.

सुरभीने मान वर करून आईकडे पाहिले. बराच वेळ. मग ती उठली, जवळ आली आणि तिने आईच्या निऱ्या मुठीत धरल्या.

"आईचा पयला दिवस हाय," ती गंगीला म्हणाली. आवाज बारीक होता, पण होता. "थे घाबरून राह्यली."

गंगीने समजल्यासारखी मान हलवली आणि माप दुधात बुडवले.