‘हवामान’ नावाच्या कप्प्यातली थोरली

"पुन्हा अक्षरं बारीक केली यांनी! माणसांनी वाचावं की नाही?"

माझ्या पडद्याला नाक टेकेल इतक्या जवळून बाबा कुरकुरले. मित्रांनो, मी एक जुना फीड रीडर आहे, आणि शपथेवर सांगतो, अकरा वर्षांत माझी अक्षरं तसूभरही बदललेली नाहीत.

तुम्हाला माझं काम ठाऊक नसेल. आवडीच्या ब्लॉगांचे आणि बातम्यांच्या पानांचे पत्ते मला एकदा द्यायचे. मग कुणी काही नवं लिहिलं की ते मी आणून ठेवतो. माझ्या पदरचं काही घालत नाही. रोज सकाळी वीस दारं ठोठावून कंटाळलेल्या दोन मैत्रिणींनी मला भाड्याच्या एका खोलीत घडवलं. सुरुवातीला फार कौतुक झालं. पुढे आपणहून ताटात काहीबाही वाढणारी ॲपं आली, लोकांना निवडायचा कंटाळा आला, आणि मी मागे पडलो.

या चष्म्यांच्या दुकानात मात्र टिकलो. बाबा काचा घासतात, आई गिऱ्हाइकांना फ्रेमी दाखवते, धाकटी कॉलेजातून आली की काउंटरवर बसते. संगणक एकच, पण तिघांची खाती वेगळी. पंखा बंद करायची कुणाला आठवण नसे. माझ्यातून बाहेर पडायला मात्र कुणी विसरत नसे.

त्याला कारण थोरली. तीही इथेच काचा घासायची. दोन वर्षांपूर्वी एका बाईंच्या चष्म्याला चुकीच्या नंबरची काच बसली आणि त्या जिन्यावरून पडल्या. भर दुकानात बाबा म्हणाले, "हे थोरलीचं काम." थोरलीने हातातलं काम खाली ठेवलं. "बाबा, नीट बघून बोला," एवढंच म्हणाली आणि गेली ती गेलीच. आता ती लांबच्या गावात दुसऱ्याच्या दुकानात असते आणि ‘नाकावरच्या गोष्टी’ नावाचा ब्लॉग लिहिते. घरात तिचं नाव कुणी काढत नाही.

पण माझ्यामार्फत वाचलं की लिहिणाऱ्याच्या अंगणात पाऊल उमटत नाही; कोण वाचून गेलं ते त्याला कळत नाही. बाबांनी तिचा पत्ता ‘हवामान’ नावाच्या कप्प्यात ठेवला होता, आईने ‘शिवणकाम’मध्ये, धाकटीने ‘परीक्षा’मध्ये. मी तिघांनाही ओळखून होतो. चहाड्या करणं माझ्या स्वभावात नाही.

गेल्या महिन्यात कळलं, की या महिनाअखेरीस मी बंद होणार. रविवारी दुपारी धाकटीने दोघांना पुढ्यात बसवलं.

"नवा निवडू या. खातं एकच, तिघांचं. सारखं आत-बाहेर नको."

पहिला उघडला तर नुसती चित्रंच चित्रं. "हा वाचायचा आहे की भिंतीला लावायचा?" आई म्हणाली. दुसरा म्हणे मनातलं ओळखून दाखवतो. बाबा दचकलेच. "नको बाई! मनातलं मनातच बरं." तिसरा माझ्यासारखा साधा, वर अक्षरं मोठी करायची सोय. तो पसंत पडला. मला जरा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

कप्प्याच्या नावावरून कुणाला काय कळणार, या भरवशावर तिघांनी याद्या दिल्या. धाकटीने त्या नव्यात ओतल्या. नवा बिचारा फारच सरळ. ‘नाकावरच्या गोष्टी: हा पत्ता यादीत आधीच आहे,’ तो म्हणाला. मग पुन्हा तेच म्हणाला, आणि खाली तिन्ही कप्प्यांची नावं मांडली. धाकटी आपल्या यादीतून तो पत्ता काढायला विसरली होती की तिने मुद्दाम ठेवला, हे मला अजून कळलेलं नाही.

कुणी कुणाकडे बघेना.

"अहो, हवामानात?" शेवटी आई म्हणाली.

"आणि तुझं शिवणकाम? साधं बटण लावता येतं का तुला?"

धाकटीला हसू आलं, पण ते तिने गिळलं.

मित्रांनो, माझ्यासारखं जुनं साधन टाकताना त्यातली यादी जरूर उतरवून घ्या. पण आधी ती सगळ्यांनी मिळून एकदा वाचा. आपण रोज कुणाची वाट बघत होतो, ते तिथे लिहिलेलं असतं. माझं मागणं एवढंच.

धाकटीने थोरलीचा ताजा लेख उघडला. "बाबा, वाचा ना मोठ्यानं."

बाबा वाकले, नाक टेकेपर्यंत. "अक्षरं मोठी कर."

तिने केली.

"अजून."

केली.

"अजून गं."

आता एका ओळीत दोनच शब्द मावत होते. आईने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. दोन वर्षं ती असंच करत आली होती.

बाबांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"थोरलीला फोन लाव. मी बोलतो," ते म्हणाले. "ती काच तिने नव्हती घासली. मी घासली होती. मला तेव्हाच नीट दिसेनासं झालं होतं."