दरडोई आयर्लंड, दरडोई जर्मनी

आमच्या घरात कुठलाही मोठा निर्णय आलेखाच्या कागदावर उतरल्याशिवाय होत नाही. चौतीस वर्षं सरकारी सांख्यिकी कार्यालयात काढलेल्या माणसाशी लग्न केलं की हे भोगावंच लागतं. चेंबूरची खोली विकून पेणकरपाड्यात फ्लॅट घेतला, तेव्हाही यांनी आधी कागद रंगवला आणि मग बिल्डरला फोन केला.

आमची लेक पंचशीला काशीमीऱ्याच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिला परदेशातून नोकरीची दोन पत्रं आली, एक आयर्लंडचं, एक जर्मनीचं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. "बाबा, तुम्ही सांगाल तिथे जाते," एवढंच म्हणाली आणि ड्युटीला गेली. आमच्या श्रीपतरावांनी लगेच रंगीत पेन्सिलींना टोकं काढली.

यांनी दोन्ही देशांचं दरडोई उत्पादन मांडलं. म्हणजे देशात वर्षभरात जे काही तयार होतं, त्याला माणसांच्या संख्येनं भागायचं. सुरुवात १९९० पासून. लाल रेघ जर्मनीची, हिरवी आयर्लंडची. आधी लाल वर होती. दोन हजार सालाच्या आसपास हिरवी तिला ओलांडून जी सुटली ती सुटलीच. सोमवारी जेवणाआधी कागद पूर्ण झाला. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

मंगळवारी म्हणाले, "हे चालू किमतीचं झालं. महागाई वगळून बघायला पाहिजे." नवा कागद. रेघा जरा सरकल्या, पण शेवटी हिरवी वरच. गुरुवारी म्हणाले, "तिकडे पाव केवढ्याला, घरभाडं केवढं, तेही धरायला नको?" तिसरा कागद. हिरवी पुन्हा वरच.

शेजारच्या हंसाबेन दारातून विचारत होत्या, "वैजयंताबेन, बेबी का किधर पक्का हुआ?"

"अभी महंगाई निकाल रहे हैं," मी म्हटलं. त्या बिचाऱ्या आत गेल्या.

शुक्रवारी दुपारी बघते तर चौथा कागद, आणि साल १९६०. माझं डोकंच सणकलं. चार शब्द सुनावायला पुढे गेले, तर पेन्सिल कागदावर टेकलेली आणि हात हलत नव्हता. या माणसाचा एक अहवाल कधी उशिरा गेला नाही, आणि पाच दिवस झाले तरी दोन रेघा संपेनात? मग कळलं. रेघा संपल्या की लेक जाणार होती.

संध्याकाळी पंचशीला आली. "बाबा, झालं का? आज सांगायचंय."

"साठ सालचे आकडे अजून..."

"आकडे सोमवारीच झालेत," मी म्हटलं. "तिने जाऊ नये असं वाटतंय तुम्हाला. तेवढं सांगा तिला."

हे खाली बघून म्हणाले, "वाटतंय."

ती खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. "मग नको जाऊ?"

"जा. आयर्लंडला जा." पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "रेघ वर आहे म्हणून नाही हं. तो आकडा फुगलेला असतो. बाहेरच्या कंपन्यांचा नफा धरतात त्यात. नर्सच्या ताटात तो पडत नाही."

"मग?"

"तिथे इंग्रजी चालतं. जर्मन तू शिकशील, पण वेळ लागेल. तोवर तुला काही दुखलंखुपलं, कोणी काही बोललं, तर सांगता आलं पाहिजे. मी थोडाच असणार आहे तिथे."

पंचशीलानं डोळे पुसले आणि तिथेच बसून मोबाइलवर उत्तर लिहिलं. यांनी ते दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम घातला, पण काही केल्या पाठव म्हणेनात.

शेवटी मीच म्हटलं, "पाठव गं," आणि हमसून रडायला लागले ती मीच.