कोण लागते?

थोरल्या पुतणीचं ते पत्र माझ्या टेबलावर शब्दकोशाखाली कित्येक आठवडे पडून होतं. त्यात एकच प्रश्न होता.

"काका, डॉक्टर म्हणाले, हा पेशींच्या संपर्कातला दोष आहे. आईने ऐकलं, संपर्काने होणारा. तुम्ही जन्मभर पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासलीत. खरा अर्थ काय, तेवढं लिहा. त्या एका शब्दावर माझं सगळं अडलंय."

अर्थ मला ठाऊक होता. निदान ठाऊक आहे असं वाटत होतं. पण मी डॉक्टर नव्हे. म्हणून एक पुस्तक आणलं, त्याने शंका काढली म्हणून दुसरं आणलं. मसुदे लिहिले आणि फाडले. "पाहून सांगतो" हे माझं आयुष्यभराचं पालुपद. मित्र म्हणत, याच्या चितेवरही लाकडं रचून झाल्यावर हा म्हणेल, थांबा, पाहून सांगतो.

माझ्या भावाला दोन मुली. थोरलीच्या तळहातांची आणि तळपायांची कातडी जन्मापासून जाड, पिवळट, भेगाळलेली. अंगावर लाल चट्टे उठत, आज कोपरावर तर उद्या मानेवर. 'संपर्क' हा शब्द घरात आला आणि तिचा कप वेगळा झाला, टॉवेल वेगळा झाला, शेवटी खोलीही वेगळी झाली. स्वयंपाकघरामागे अडगळीची खोली होती, तिथे शिवणयंत्र आणि ती. शिंप्याकडची काज-बटणांची कामं धाकटी आणून द्यायची आणि नेऊन पोचवायची. शिंप्याला वाटे, धाकटीच करते.

"काका, सुई टोचू नये म्हणून मला बोटाला अंगुस्तान लागत नाही," थोरली मला एकदा हसत म्हणाली होती. "जन्मतःच चढवून आलेय." बोलताना तिने हात मात्र पदराआड घेतले होते.

धाकटीला स्थळ आलं. ते जुळलं की थोरलीला दूरच्या एका संस्थेत ठेवायचं, असं घरात ठरलं. कुणी नसलेल्यांसाठीची ती संस्था होती.

पाहुणे यायच्या दिवशी भावाने मला बोलावून घेतलं.

"दादा, तू फक्त बस. बोलायचं काही नाही."

"ते मला जमतं," मी म्हणालो.

पाहुणे दारात आले तशी भावजयीने मागच्या खोलीला बाहेरून कडी घातली. आतलं यंत्र थांबलं. चहा झाला, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मुलाच्या आईने धाकटीची बाही चिमटीत धरून निरखली.

"काजं कुणी केली गं? इतकं नेटकं काम हल्ली बघायला मिळत नाही."

"हिनेच!" भावजय घाईने म्हणाली. "हात फार चांगला आहे हिचा."

धाकटी मान खाली घालून बसली होती. ती उठली.

"आई, पुरे आता."

"बस खाली. कुठे निघालीस?"

तिने मागे जाऊन कडी काढली. "ही काजं हिने केली."

थोरली उंबरठ्यावर उभी राहिली. हात तिने लपवले नाहीत.

"ही तुमची कोण लागते?" मुलाच्या आईने विचारलं.

"लांबची आहे," भावजय म्हणाली. "कामाला ठेवलीय."

भाऊ फरशीकडे बघत होता.

"सख्खी बहीण लागते माझी," धाकटी म्हणाली.

बाईंनी ओठाला लावलेला कप हळूच खाली ठेवला. "आणि हे... हे लागतं का?"

भावजय माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि मला वाटतं थोडी आशाही. "भाऊजी, सांगा ना. तुम्ही एवढं वाचता."

उत्तर जिभेवर होतं. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे झाली.

"पाहून सांगतो," मी म्हणालो.

थोरलीने माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ती मागे सरली आणि तिने दार लावलं. या वेळी कडी आतून पडली.

"कळवतो," म्हणून पाहुणे गेले.

"आता स्थळ जुळायची वाट बघायला नको. पुढच्या आठवड्यात संस्थेची गाडी येईल," भाऊ म्हणाला. भावजय तोंडात पदर कोंबून रडत होती. "मला का हौस आहे? दोघींतली एक तरी तरू दे."

घरी येऊन मी सगळी पुस्तकं मिटली. पाकिटातलं पत्र तिच्या खोलीत जाऊन तिथेच राहिलं असतं. म्हणून पोस्टकार्ड घेतलं. ते पोस्टमन वाचतो, शेजारीण वाचते आणि आमची भावजय तर दारातच उभ्याउभ्या वाचते. अक्षर बारीक काढलं.

"चि. थोरलीस,

कातडीतल्या शेजारी-शेजारी पेशी बारीक नळ्यांमधून एकमेकींना निरोप देतात. त्या नळ्या प्रथिनांच्या असतात. तुझ्यात त्यातलं एक प्रथिन जन्मतःच चुकीचं घडलंय. म्हणून 'आता थांब' हा निरोप नीट पोचत नाही आणि कातडी थरावर थर चढवते. बिघडलाय तो पेशींचा आपसातला संपर्क. माणसांच्या संपर्काने हे होत नाही. पुढच्या पिढीत उतरू शकतं, उतरेलच असं नाही. ते डॉक्टरांना विचारावं, लपवू नये. पण कपातून, टॉवेलातून, हातातून हे कुणालाही लागत नाही.

तू मात्र आम्हा सगळ्यांची लागतेस.

गाडी येईल त्या दिवशी मी सकाळपासून तुमच्या दारात बसलेला असेन. चहा तुझ्याच कपातून घेईन.

– काका"

पेटीपाशी गेल्यावर पुन्हा तेच झालं. 'पेशी' दीर्घ काढलीय ना? एखादा शब्द कमी तर नाही पडला? हात पेटीच्या तोंडाशी अडकून राहिला. मागे एक बाई पाकीट घेऊन उभ्या होत्या.

"आजोबा, टाकताय ना?"

"पाहून..." मी म्हणालो, आणि थांबलो.

"टाकतो," म्हणालो. आणि टाकलं.