हिशेबात न धरलेली आई

चारुदत्त साठे म्हणजे ऑकलंडमधला बोलका अर्थतज्ज्ञ. व्याजदर हलला, पेट्रोल चढलं, बजेट आलं की रेडिओवाल्यांचा पहिला फोन यालाच. नाव झालं ते बारा वर्षांपूर्वीच्या एका अहवालावर. इथं स्थायिक झालेल्यांच्या म्हाताऱ्या आईबापांना कायमचं राहू द्यावं का, यावर त्याने आलेख काढला होता. साठीनंतर त्यातली रेघ जी खाली कोसळायची, ती वर यायचीच नाही. म्हातारं माणूस म्हणजे देशाला निव्वळ खर्च! सरकारला असलंच काहीतरी हवं होतं. नियम आवळले गेले आणि साठेसाहेब टीव्हीवर दिसू लागले.

तो अहवाल लिहिला जात होता तेव्हा बॉटनी डाउन्स उपनगरातल्या त्याच्याच घरात त्याची आई, मालतीबाई, दहा महिन्यांच्या नातीला, श्रियाला, मऊ भात भरवत होती. नवरा-बायको दोघं नोकरीवर. व्हिसा संपला की आईने पुण्याला जायचं, पुन्हा मिळाला की यायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. या बाईचं एका मिनिटाचंही काम त्या आलेखात नव्हतं. तो विसरला नव्हता. ज्याला बाजारभाव नाही ते धरायचं नाही, ही त्यांच्या धंद्याची रीत. रीत कसली, सोय!

आता वडील गेले होते. पुण्याच्या फ्लॅटमध्ये आईला कुणी नव्हतं. कायमचं राहण्याचा अर्ज नाकारला गेला होता आणि बुधवारी व्हिसा संपत होता. नेमकं तेव्हाच सरकारने ते जुनं धोरण पुन्हा तपासायला काढलं आणि रेडिओने सोमवारी सकाळी साठ्यांनाच बोलावलं.

निघताना तो म्हणाला, "आई, आज सांगून टाकतो. माझं चुकलं होतं म्हणून."

"सांग बाबा. आणि स्वेटर घाल, तिथं गार असतं म्हणतोस ना?"

स्टुडिओत निवेदिकेने विचारलं, "तुमचे ते आकडे आजही टिकतात?" त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात तिने सवयीने जोडलं, "आणि या विषयात तुमचा स्वतःचा काही संबंध?"

आईचं नाव घेतलं असतं तर त्या क्षणापासून तो अर्थतज्ज्ञ उरला नसता, नुसता मुलगा उरला असता. मुलाला कोण बोलावतं रेडिओवर? त्याने माईक जवळ ओढला. मग नेहमीचा खर्जातला आवाज लागला.

"नाही. आकडे टिकतात."

पुढची आठ मिनिटं तो उत्तम बोलला. हरामखोर फार उत्तम बोलला.

घरी आला तर स्वयंपाकघरात रेडिओ चालूच होता. शाळेला सुट्टी, म्हणून श्रिया आजीशेजारी बसली होती.

"यू सेड नो, पापा," ती म्हणाली आणि उठून खोलीत गेली. दार आपटलं.

"हिने सगळं मराठीत सांगितलं मला," मालतीबाई म्हणाल्या. हात कणकेत होते. "चारू, एक विचारू? हिला मी सांभाळलं, ते तू कशात धरलंस?"

"कशातच नाही."

"का रे?"

"त्याला भाव नसतो, आई. घरचं काम."

"आणि बाई ठेवली असतीस तर?"

"तर धरलं असतं."

"मग ठेवायची होतीस की!"

उत्तर त्याला पाठ होतं. अर्थशास्त्र नाही लागत त्याला.

"परवडत नव्हती," तो म्हणाला.

आईने मान हलवली. हात धुतले, बॅग ओढत बाहेर आणली आणि साड्या भरायला लागली. रडली नाही. रडली असती तर त्याला निदान जवळ जाता आलं असतं.

तेवढ्यात फोन वाजला. टीव्हीवाले होते. सकाळचं बोलणं फार संतुलित झालं म्हणाले, संध्याकाळच्या बातम्यांना याल का?

चारुदत्तने आईच्या उघड्या बॅगेकडे पाहिलं आणि किती वाजता पोचायचं ते विचारलं.