पाचरीचे गुण

त्या घरात बोलणं कमी आणि हाणामारी जास्त. बोलणं झालंच, तर हाणामारी आधी कुणी सुरू केली याबद्दल. बाप गॅरेजमध्ये गाड्यांचे पोचे काढायचा. दिवसभर पत्रा ठोकून त्याचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे पोरांची भांडणं त्याच्यापर्यंत पोचतच नसत. आई दवाखान्यात अपघात विभागात नर्स. तिला सगळं ऐकू यायचं, पण टाके घालण्यापुरतीच ती मध्ये पडे. "रक्त थांबलं की सांगा कोण जिंकलं," असं म्हणून ती पुन्हा कणीक मळायला लागे.

पोरं दोन, थोरला आणि धाकटा. मारामारीचा नियम मात्र एकच, आणि तो बापाने घालून दिलेला: हळू मारायचं असेल तर मारूच नका. हळू ठोकलेल्या पत्र्याचा पोचा निघत नाही, वर पत्र्याचा अपमान होतो. नेम चुकला तर कुणी काही म्हणत नसे. हात आखडता घेणं म्हणजे मात्र समोरच्याला बायको, पाहुणा किंवा आजारी समजणं. थोरल्याचा नेम कधी चुकला नव्हता आणि हातही कधी आखडला नव्हता. धाकट्याचं अंग त्याची साक्ष होतं.

दोघांत वर्षाचं अंतर असूनही ते एका वर्गात आले ते कलेमुळे. शालान्त प्रमाणपत्र हवं तर एक कला आणि एक हस्तकौशल्य पास व्हायलाच हवं, असा नवा नियम निघाला होता. पोरं नुसती पुस्तकी होऊ नयेत, हा हेतू. थोरल्याला तो धोका कधीच नव्हता, पण नियम सगळ्यांना सारखा. गेल्या वर्षी त्याने गणित काढलं, रसायन काढलं, सुतारकामात वर्गात पहिला आला आणि गाण्यात आपटला. गायनाच्या सरांनी त्याला शून्य दिलं, कारण त्याच्या खालचा आकडा तक्त्यात बसत नव्हता. कला आणि कौशल्य ही जोडी. एक बैल बसला की दुसराही सोडायचा. त्यामुळे दोन्ही पुन्हा. संधी दोनच, त्यातली ही शेवटची. गोदीतल्या वेल्डिंगच्या वर्गात त्याची जागा वर्षभर राखून ठेवलेली होती, पण प्रमाणपत्राशिवाय फाटकातला पहारेकरीसुद्धा त्याला ओळख देणार नव्हता.

या खेपेला त्याने गाण्याच्या वाटेला न जाता नाटक घेतलं. नाटक शिकवणाऱ्या बाई मायाळू होत्या. दोन राजपुत्र गादीसाठी भांडतात आणि थोरला धाकट्याला हातोड्याने मारतो, असं नाटक त्यांनी निवडलं होतं. जिव्हाळा दिसावा म्हणून दोन्ही भूमिका त्यांनी सख्ख्या भावांना दिल्या.

पहिल्याच तालमीत जिव्हाळा दिसला. धाकट्याची भुवई फुटली आणि सेनापतीचं काम करणारा मुलगा मध्ये पडला म्हणून त्याचं मनगट मोडलं.

"अरे बाळा," बाई म्हणाल्या, "मारायचं नाही. मारल्यासारखं करायचं."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे हात जोरात यायला हवा, पण लागायला नको."

थोरल्याने प्रयत्न केला. हात जोरात आला आणि लागला. धाकटा उठून ओठ पुसत म्हणाला, "बाई, याला नका ना सुधरवू. मला सवय आहे."

सुतारकामाच्या खोलीत नेमकं उलटं. तिथल्या मिस्त्री सरांच्या डाव्या हाताला चारच बोटं. पाचव्याची चौकशी केली की ते नुसते करवतीकडे बघत. थोरला परीक्षेसाठी टणक लाकडाचा हातोडा करत होता: जड डोकं, त्याला आरपार भोक, भोकात दांडा, आणि दांड्याच्या टोकाला चीर पाडून वरून ठोकलेली पाचर, म्हणजे डोकं उडू नये. पाचर त्याने जरा जपून ठोकली, तर सर मागून ओरडले, "मारल्यासारखं काय करतोस? खरी मार."

थोरल्याने खरी मारली. एकाच माणसाला एकाच शाळेत, एकाच जिन्याच्या वर आणि खाली, अशी दोन शिक्षणं मिळत होती.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. एरवी दोघे येत, या वर्षी एकच आले, कला आणि कौशल्य दोन्ही त्यांच्याच गळ्यात. काटकुळे गृहस्थ, खिशाला तीन पेनं, आणि चेहरा असा की जन्मताच त्यांना कुणीतरी अवघड प्रश्न विचारला असावा. सकाळी त्यांनी हातोड्याचं डोकं ओढून पाहिलं, पिळून पाहिलं.

"घट्ट दिसतं. पण दिसणं वेगळं. दुपारी नाटक झालं की हा आपटून बघू. पाचर सुटली तर गुण नाहीत."

दुपारी दिवाणखान्याएवढ्या सभागृहात पालक जमले. आई ड्युटीवरून तशीच, पांढऱ्या कपड्यांत आली होती. बाप पहिल्या रांगेत बसला, कारण मागून त्याला काही ऐकू येत नसे. पुढूनही येत नसे, पण दिसे.

पडद्यामागे शिरस्त्राण एकच नीट होतं. ते कुणी घालायचं यावरून दोघांची जुंपली. थोरल्याने धाकट्याला उचलून सामानाच्या खोक्यावर आपटला. खोक्यात थर्माकोलचा काळा रंगवलेला हातोडा होता. धाकटा उठला तेव्हा हातोड्याचे दाणे त्याच्या केसांत, कानांत आणि नाकात गेले होते.

"आता कशाने मारणारेस मला?" त्याने शिंकत विचारलं.

थोरल्याने इकडेतिकडे पाहिलं. बाई पुढे विंगेत, संहिता हातात घेऊन. घंटा झालेली. कोपऱ्यातल्या टेबलावर, नाटकानंतर आपटून बघायला आणून ठेवलेला सकाळचा लाकडी हातोडा. त्याने तो उचलला.

प्रवेश सुरू झाला. "ये, बंधो," धाकट्याने म्हणायचं होतं. तो म्हणाला, "ये ना, ये," आणि पहिलाच ठोसा थोरल्याच्या नाकावर बसला. बसल्यासारखा नव्हे, बसला. नाकातून रक्ताची धार लागली. प्रेक्षकांत कुणीतरी म्हणालं, "रंग काय हुबेहूब केलाय." थोरल्याने गुडघा घातला. धाकट्याने त्याचा कान दातात धरला. सिंहासन आडवं झालं, त्याचा पाय मोडला, तोच पाय उचलून धाकट्याने थोरल्याच्या बरगडीत हाणला. बाई विंगेतून धीम्या आवाजात संवाद सांगत होत्या. ते दोघांनाही ऐकू जाणं शक्य नव्हतं, एकाचा कान दुसऱ्याच्या तोंडात होता.

मग थोरल्याने त्याला पायात पाय अडकवून पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि हातोडा वर उचलला.

इतक्या वरून त्याने धाकट्याकडे कधी पाहिलं नव्हतं. नाकपुडीत थर्माकोलचा एक पांढरा दाणा अडकला होता आणि श्वासाबरोबर थरथरत होता. हातोडा खाली येऊ लागला तो पुऱ्या ताकदीने, घरच्या नियमाप्रमाणे. आणि निम्म्या वाटेवर मनगट वळलं. ते त्यानेच वळवलं, हे त्याला नीट कळलं, आणि कळल्याबरोबर शरम वाटली.

धाडकन आवाज झाला. धाकट्याच्या कानापासून बोटभर अंतरावर रंगमंचाची फळी आरपार फुटली. धाकट्याने डोळे फिरवले आणि मान टाकली. सभागृहात कुणी शिंकलंसुद्धा नाही. बापाला फळी ऐकू गेली. तो उभा राहिला.

आई रंगमंचावर चढली. धाकट्याची पापणी उचलली, नाडी पाहिली, एक सणसणीत कानफटात दिली. तो उठून बसला. मग थोरल्यालाही एक दिली, हिशेब राहू नये म्हणून.

पाठोपाठ परीक्षक आले. त्यांनी फळीतून हातोडा उपसला, डोकं ओढून पाहिलं. जागचं हललं नव्हतं. "पाचर उत्तम," ते म्हणाले. "कौशल्यात पास. आता कला." पेन उघडलं. "एकच सांग. मारायचं होतं आणि नेम चुकला, की मारायचंच नव्हतं आणि तसं भासवलंस? चुकला असेल तर ते नाटक नव्हे, ती फौजदारी. मग मला गुण देता येत नाहीत."

थोरल्याने मान वर केली. समोर बाप उभा, खाली धाकटा बसलेला. 'चुकलो' म्हणावं, तर गोदी गेली. 'सोडला' म्हणावं, तर भावाला चार लोकांत पाहुणा केल्यासारखं. नाकातलं रक्त ओठावर आलं, ते त्याने चाटलं आणि फळीतल्या भोकाकडे पाहत राहिला.

"बोल रे," बाई विंगेतून कळवळल्या. हे मात्र संहितेत नव्हतं.

परीक्षकांनी पेनाचं टोपण लावायला घेतलं.

"सर, थांबा," धाकटा म्हणाला. उठला, अंगरखा डोक्यावरून काढला. "हे बघा, खांद्यावरचं. हे गॅरेजमधल्या पान्याचं, मी पळत होतो तेव्हाचं. पाठीवरचं हे कढईचं, अंधारात, लाइट गेलेले होते. हा कान. हा डोक्यातला खड्डा, हा तर याने जिन्यावरून बत्ता फेकून पाडलेला, मधे कठडा होता." तो वळला. "याचा नेम चुकत नाही, सर. सबंध गल्लीला विचारा. आणि आज तर मी याच्या खाली होतो, हलतसुद्धा नव्हतो."

परीक्षकांनी चष्मा लावून एकेक वण तपासला, जसं सकाळी लाकूड तपासलं होतं. आईने मान हलवून दोन टाके आपले असल्याचं कबूल केलं.

"म्हणजे याने तुला सोडलं."

धाकट्याने अंगरखा पुन्हा डोक्यातून घातला. "हो," तो म्हणाला. "सोडलं."

"पास," परीक्षक म्हणाले, आणि तिसऱ्या पेनाने सही केली.

सगळे शाळेच्या फाटकाबाहेर आले. आई पुढे, बाप तिच्या मागे, ती दोघं कोपऱ्यावर वळली. धाकटा थांबला.

"मला सोडलंस तू."

"प्रमाणपत्रासाठी," थोरला म्हणाला.

"खोटं बोलू नको."

धाकट्याची मूठ आली ती थेट दातांवर. मारल्यासारखी नव्हती, खरी होती; पाचर बसावी तशी बसली. थोरला भिंतीला टेकला, तुटलेला अर्धा दात तळहातावर थुंकला.

"आता?" त्याने विचारलं.

"आता फिटंफाट झाली," धाकटा म्हणाला, आणि आईला हाक मारायला धावला.